ड्रायव्हरचं अंतर, धरलेली कंबर आणि वेळेआधी खर्च होणारा जोर

प्रश्न विचारणारे बावन्न वर्षांचे आहेत, उजव्या हाताने गोल्फ खेळतात, हॅण्डिकॅप १६ (म्हणजे मध्यम दर्जाचे हौशी खेळाडू). त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी, म्हणजे क्लब) १९०-२०० यार्डांच्या पुढे सरकत नाही. अंगात आहे तेवढा जोर लावतो, चौदाव्या होलपर्यंत दमछाक होते, दुसऱ्या दिवशी कंबर धरते. सोबत खेळणारी एक मुलगी अंगाने निम्मी, पण काही विशेष न करता वीस-तीस यार्ड पुढे टाकते. मग ताकद वाढवायला कोणते व्यायाम करू, की हलका शाफ्ट (क्लबची दांडी) घेऊ? सोबत लॉन्च मॉनिटरचे (फटका मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे आहेत: क्लबहेडचा (क्लबच्या डोक्याचा) वेग ताशी ८८ मैल, चेंडूचा वेग १२२ मैल, अटॅक अँगल उणे ४ अंश (म्हणजे चेंडूला लागताना क्लब खालच्या दिशेने चाललेला), स्पिन म्हणजे चेंडूची गिरकी मिनिटाला ३६०० फेरे.

आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण त्यांनी प्रश्नच बदलतो. तुम्ही विचारताय ताकद कशी वाढवू. आकडे म्हणतात, आहे ती ताकद चेंडूपर्यंत पोचत नाही. दमछाक, कंबर आणि कमी अंतर ही तीन निरनिराळी दुखणी तुम्हाला वाटतात. मला ती बहुधा एकाच सवयीतून आलेली दिसतात. डाउनस्विंग (क्लब वरून चेंडूकडे आणणं) सुरू होताक्षणी खांदे आणि हात लावून सगळा जोर ओतून टाकायचा, ही ती सवय. व्हिडिओ पाहिल्याशिवाय छातीठोकपणे सांगणार नाही, पण असे आकडे घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या स्विंगमध्ये मला हेच सापडतं.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. खुबे किती वळतात, छातीचा भाग किती फिरतो, जुनी दुखापत आहे का, यावर पुढचा बराच सल्ला बदलेल. रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) चेंडूंनी मोजलं असेल तर चेंडूचा वेग थोडा कमीच दिसतो आणि स्पिनचा आकडाही फारसा भरवशाचा नसतो. तेव्हा नेहमी ज्या चेंडूने खेळता त्यानेच एकदा पुन्हा मोजा. आणि कंबरेची कळ पायात उतरत असेल, बधिरपणा असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. स्विंग नंतर बघू.

आता थोडं गणित. ते वगळून पुढे जाऊ नका, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं असतं. ताशी ८८ मैल म्हणजे सेकंदाला ३९ मीटर. या वेगाला त्या डोक्यात सुमारे १५५ ज्यूल गतिज ऊर्जा असते. चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, १२२ मैलांनी निघालेल्या चेंडूत ६८ ज्यूल. म्हणजे डोक्यात जमवलेल्या ऊर्जेतली ४४ टक्के चेंडूला मिळाली. शंभर टक्के कधीच मिळणार नाही. आघातानंतरही क्लबहेड मूळ वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने पुढे जात राहतं, ती ऊर्जा त्याच्यातच राहते, आणि थोडी चेंडू दबण्या-फुगण्यात जाते. पण अगदी मध्यावर लागलेल्या फटक्यात निम्मी ऊर्जा चेंडूला मिळायला हवी.

चेंडूचा वेग भागिले क्लबहेडचा वेग याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. फेसने (क्लबच्या डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूने) किती उसळी द्यावी यावर नियमांची मर्यादा असल्यामुळे ड्रायव्हरचा स्मॅश फॅक्टर १.५० च्या आसपास अडतो. तुमचा १.३९ आहे. याच स्विंगने, याच ताकदीने तो १.४८ झाला तर चेंडू १३० मैलांनी निघेल. चेंडूच्या वेगातल्या एका मैलामागे ढोबळमानाने दोन यार्ड धरतात. म्हणजे पंधरा-सोळा यार्ड नुसत्या नीट लागण्यात अडकलेत. ती मुलगी पुढे का जाते, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

दुसरी गोष्ट, ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. क्लबहेडचा वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढवावी लागते, आणि अंतर मात्र साधारण वेगाच्याच प्रमाणात वाढतं. म्हणून ‘अजून जोर लावा’ हा रस्ता महाग. पंधरा यार्डांसाठी तुम्ही जी किंमत मोजाल, त्यात कंबरही धरलेली आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. डाउनस्विंग जेमतेम पाव सेकंदाचा. फेस आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात तुमचं क्लबहेड सुमारे दोन सेंटिमीटर सरकतं. चेंडू लागल्याची जाणीव हातातून मेंदूपर्यंत पोचेस्तोवर तो केव्हाच निघून गेलेला असतो. त्यामुळे ‘आघाताच्या क्षणी जोर दे’ या सल्ल्याला करण्यासारखं काही उरत नाही. जे काही करायचं ते त्या पाव सेकंदात, आणि खरं म्हणजे त्याच्याही थोडं आधीच ठरतं.

मग तो पाव सेकंद कसा वापरायचा? चांगल्या खेळाडूंच्या अंगाला सेन्सर लावून मोजलं की एक क्रम दिसतो. आधी कंबर वळते, मग छाती आणि खांदे, मग हात, शेवटी क्लब. प्रत्येकाचा सर्वोच्च वेग आधीच्यापेक्षा जास्त. इथवर बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कमी ऐकलेली गोष्ट पुढची: प्रत्येक भाग आपल्या सर्वोच्च वेगाला पोचला की लगेच मंदावतो, आणि तो मंदावतो तेव्हाच पुढचा भाग झेपावतो. कंबर मंदावते आणि छाती सुटते, छाती मंदावते आणि हात सुटतात, हात मंदावतात आणि क्लब सुटतो. चांगल्या फटक्यात हातांचा सर्वांत जास्त वेग आघाताच्या आधीच येऊन गेलेला असतो. व्हिडिओ हळू चालवून पाहिलात तरी हे दिसेल. हौशी खेळाडूच्या आलेखात हे उतार फार पुसट असतात. सगळं अंग एकदम निघतं आणि चेंडूपर्यंत एकदमच येतं. कोणी कोणाला काही दिलं नाही, प्रत्येकाने आपापलं ठेवून घेतलं.

गोफण फिरवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तो दगडाला ढकलत नाही. दोरी ढकलताच येत नाही. तो हात आतल्या बाजूला ओढतो, दगड बाहेर पळतो, आणि सुटण्याच्या क्षणी हात जवळजवळ थांबलेला असतो. क्लबच्या बाबतीत घोळ होतो तो शाफ्ट कडक असल्यामुळे. तो ढकलता येतो, म्हणून माणूस ढकलतो. आघाताच्या जवळ येताना क्लबहेड तुम्हाला बाहेर ओढत असतं, आणि तुमच्या वेगालाही ती ओढ तीस किलोच्या घरात जाते. या ओढीला तुम्ही उत्तर काय देता, यावर शेवटचा वेग ठरतो. चांगला खेळाडू डावा पाय जमिनीत रोवून सरळ करतो, डावा खुबा मागे आणि वर जातो, डावा खांदा वर उचलला जातो. परिणामी हातांचा मार्ग बाहेर जायच्या ऐवजी आत आणि वर वळतो. त्या ओढीच्या विरुद्ध दिशेत हात सरकल्यामुळे क्लबहेडला अजून ऊर्जा मिळते, तीही मनगटाचे स्नायू काही करू शकत नाहीत अशा वेळी. लांब मारणाऱ्यांचा डावा गुडघा आघाताला सरळ का झालेला असतो आणि काहीजण जमिनीवरून अक्षरशः उसळलेले का दिसतात, ते यावरून कळेल. पायांनी जमीन खाली दाबली की जमीन तेवढ्याच जोराने वर ढकलते. ड्रायव्हरच्या मोठ्या वेगाचा मोठा वाटा तिथून येतो.

आता तुमच्या स्विंगकडे. बॅकस्विंगच्या (क्लब मागे-वर नेण्याच्या) टोकाला डावा हात आणि शाफ्ट यांच्यात साधारण काटकोन असतो. तो आहे तोवर क्लबहेड फिरण्याच्या अक्षाच्या जवळ असतं आणि अंगाला ते फिरवणं सोपं जातं. तुम्ही वरूनच हातांनी मारायला निघता तेव्हा हा कोन पहिल्याच टप्प्यात उघडतो. तेच २०० ग्रॅम आता दूर गेले, आणि उरलेला सगळा मार्ग तुम्हाला ते लांबून ओढत न्यावे लागतात. खांद्यांना ते जड लागतं. जड लागतं म्हणून तुम्ही अजून जोर लावता, आणि अजून जोर लावला की कोन पुढच्या वेळी आणखी लवकर उघडतो. शिवाय खांदे आधी निघाल्यामुळे क्लब बाहेरून आत येतो, वरून खाली येतो, फेस उघडा (उजवीकडे तोंड करून) राहतो, आणि चेंडूला घासून जातो. उणे ४ अंशांचा अटॅक अँगल आणि ३६०० चा स्पिन या दोन आकड्यांवरून मी हा अंदाज बांधतोय. तुमचा चेंडू बहुतेक वेळा उजवीकडे वळत असणार, आणि फेसवर टाचेकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या बाजूला, लागल्याच्या खुणा असणार. नसतील तर मला सांगा, मग वेगळा विचार करावा लागेल.

यात एक गंमत आहे, जी शिकवताना समजावून सांगायला सर्वांत अवघड जाते. स्नायू जितका वेगाने आखडतो तितका कमी जोर देऊ शकतो, ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे एखाद्या स्नायूत ‘मी केवढा जोर लावतोय’ अशी घट्ट जाणीव होते, तेव्हा तो स्नायू हळू आखडत असतो किंवा त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायूही सोबत आवळलेला असतो. पुढच्या हातांच्या (कोपर ते मनगट) बाबतीत बहुधा यातलं दुसरंच घडतं. ग्रिप (क्लबवरची पकड) आवळली की मनगटाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांशी भांडतात, मनगट सांध्यासारखं वागायचं सोडून देतं, आणि वरून आलेली ऊर्जा तिथेच अडते. त्यामुळे तुमचा सर्वांत ‘जोरदार’ वाटणारा फटका हा सर्वांत जास्त वाया गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. नीट लागलेल्या फटक्यात हातांना काहीच केल्यासारखं वाटत नाही, आणि डाव्या मांडीला, डाव्या तळपायाला मात्र काम जाणवतं.

इथे लोक म्हणतात, मग हळू मारायचं, सत्तर टक्के जोर लावायचा. हा सल्ला मला पटत नाही, जरी तो कधीकधी लागू पडतो. तो लागू पडतो तेव्हा जोर कमी केल्यामुळे नव्हे, तर जोर उशिरा आल्यामुळे. मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्यांचा स्विंग दिसतो संथ, पण घड्याळ लावून बघा: बॅकस्विंगला साधारण पाऊण सेकंद, डाउनस्विंगला पाव. तीनास एक. पुष्कळ हौशी खेळाडूंचा बॅकस्विंग याहून कितीतरी रेंगाळलेला असतो आणि मग वरून झडप. रेंगाळण्यात तोटा असा की ताणलेला स्नायू आणि त्याचे कंडरे लगेच वापरले तर जादा जोर देतात; थांबलात की तो ताण विरून जातो. तेव्हा क्लब मागे नेताना थोडी चपळाई आलेली मला चालते.

यावर हिदेकी मात्सुयामाचं उदाहरण हमखास दिलं जातं. २०२१ ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकणारा हा खेळाडू वर चक्क थांबतो. पण पाहताना हातांकडे नका बघू, कमरेखाली बघा. हात थांबलेले असतात, भार मात्र डाव्या पायावर सरकायला लागलेला असतो. सगळ्या स्विंगमधली सर्वांत महत्त्वाची घटना हीच: क्लब अजून मागे जात असताना डाव्या पायावर दाब यायला लागणं. दाब आला की कंबर आधी निघते, खांदे मागे राहतात, मधलं अंग ताणलं जातं आणि काटकोन आपोआप टिकतो. ‘आपोआप’ म्हणतोय ते मुद्दाम. कोन मनगटाने धरून ठेवायचा प्रयत्न करणारे पुष्कळ येतात; त्यांचं मनगट ताठतं आणि कोन मग सुटायचा तेव्हाही सुटत नाही. तो काटकोन बरोबर क्रमाचा परिणाम आहे, हाताने बनवायची वस्तू नव्हे.

इथवरचं एका दमात: तुमच्याकडे वेग अगदीच कमी आहे असं नाही, तो लवकर खर्च होतो, लवकर खर्च झाल्यामुळे चेंडू मध्यावर लागत नाही, आणि हातांनी केलेलं काम पायांनी केलं असतं तर दोन्ही सुटलं असतं.

कंबर राहिली. पाठीच्या कण्याचा खालचा भाग वळण्यासाठी बनलेलाच नाही. त्याचं सगळं मिळून वळणं १०-१५ अंशांच्या घरात. बाकीचं वळण खुबे आणि छातीच्या भागातून यायला हवं. पूर्वी शिकवलं जाई की कंबर रोखून धरा आणि खांदे जास्तीत जास्त वळवा, म्हणजे पीळ बसेल. लवचीक विशीतल्या खेळाडूला ते झेपेल. बावन्नाव्या वर्षी, खुबे आखडलेले असताना हा पीळ नेमका पाठीच्या खालच्या भागाला बसतो, आणि त्यावर तुमचे खांदे वरून आदळतात. म्हणून बॅकस्विंगमध्ये उजवा खुबा मोकळेपणाने मागे जाऊ द्या, उजवा गुडघा थोडा सरळ झाला तर होऊ द्या, दोन्ही पावलांचे चवडे जरा बाहेर वळवा. डावी टाच उचलली जात असेल तर उचलू द्या. जॅक निकलॉस ती उचलत असे, आणि त्याने अठरा मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धांपैकी) जिंकल्या. टाच उचलण्याचा आणखी फायदा असा की ती खाली टेकवणं ही डाउनस्विंगची आयती सुरुवात होते. ‘डोकं खाली ठेव’ हा सल्लाही तुमच्यासाठी मी काढून टाकेन. चेंडू गेल्यावर डोकं खाली अडवून धरलं की छाती अडते आणि उरलेला सगळा वेग पाठीचा खालचा भाग शोषतो.

दमछाकीबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागी) दोन-तीन सराव स्विंग पूर्ण जोराने घेत असाल तर ते थांबवा. एखादा घ्या, तोही अर्ध्या वेगाने. बाकी दम स्विंग सुधारला की पुरेल.

आता करायचं काय. मी खेळाडूला एकाच वेळी एकच गोष्ट देतो, त्याच क्रमाने लिहितो.

सुरुवात फेसवर कुठे लागतंय ते पाहण्याने. पुसता येणाऱ्या मार्करने चेंडूवर मोठा ठिपका काढा आणि तो भाग फेसकडे ठेवून मारा, खूण फेसवर उमटते. पायाला लावायच्या पावडरीचा फवारा फेसवर मारला तरी चालतं. मग दोन्ही पावलं जुळवून, अर्ध्या स्विंगने, टीवरचा (छोट्या खुंटीवर ठेवलेला) चेंडू मारा. पाय जुळलेले असताना वरून झडप घातली की तोल जातो, त्यामुळे शरीर स्वतःच ती सवय सोडतं. ग्रिप इतकी सैल की मनगटाला क्लबच्या डोक्याचं वजन कळलं पाहिजे. खुणा मध्याजवळ जमायला लागेपर्यंत इथेच थांबा. कंटाळवाणं आहे, पण तुमचे पंधरा यार्ड इथे आहेत.

त्यानंतर पावलाचा सराव. पावलं जुळवून उभे राहा, क्लब मागे न्या, आणि तो मागे जात असतानाच डावं पाऊल उचलून चेंडूकडच्या बाजूला टाका. पाऊल टेकल्यावर मारा. सुरुवातीला सगळं विस्कळीत वाटेल. क्लब मागे आणि पाय पुढे, ही दोन दिशांची एकदमची हालचाल पोटाच्या बाजूला ताण देते. तो ताण जाणवला की तुम्ही बरोबर करताय. याच्या आधीमधी क्लब उलटा धरून, क्लबच्या डोक्याजवळ शाफ्ट पकडून, हवेत फिरवा. ‘सूं’ असा आवाज येईल. तुमचा आज बहुधा उजव्या कानाजवळ येतो. तो चेंडूच्या जागेच्या पुढे, डाव्या पायाच्या बाजूला ऐकू यायला हवा. जोर केव्हा खर्च झाला हे सांगणारं याहून स्वस्त यंत्र माझ्या माहितीत नाही.

तिसरा टप्पा डाव्या पायाचा. चेंडूशिवाय, हात छातीवर बांधून, डाव्या पायावर दाब घ्या आणि तो पाय सरळ करत वळा, जणू खाली बसलेले आहात आणि वळत उभे राहताय. गुडघा जुना दुखरा असेल तर हा टप्पा सौम्य ठेवा, आणि डावं पाऊल अजून बाहेर वळवा; सरळ ठेवलेल्या पावलावर गुडघ्याला पीळ बसतो.

हे जमलं की अटॅक अँगलकडे या. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, टी इतकी उंच की निम्मा चेंडू ड्रायव्हरच्या वर दिसावा, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली. महिलांच्या एलपीजीए या व्यावसायिक टूरची, लॉन्च मॉनिटर बनवणाऱ्या ट्रॅकमनने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेली सरासरी पाहण्यासारखी आहे: क्लबहेडचा वेग ९४ मैलांच्या आसपास, चेंडू १४० मैल, अटॅक अँगल अधिक ३ अंश, आणि हवेतलंच अंतर सुमारे २१८ यार्ड. तुमच्यात आणि त्यांच्यात क्लबहेडच्या वेगाचा फरक सहा मैलांचा आहे. अंतरातला फरक त्याहून खूप मोठा, कारण त्या मध्यावर मारतात आणि वरच्या दिशेने मारतात. तुमची ती मैत्रीण बहुधा हेच करते. तुमच्या वेगाला उणे ४ वरून शून्याच्या पुढे गेलात तरी दहाएक यार्ड मिळावेत.

व्यायामाला माझा विरोध नाही, उलट आहे तो आग्रहच. ब्रायसन डिशॅम्बोने वजन आणि ताकद वाढवून २०२० ची यूएस ओपन विंग्ड फूटवर सहा फटक्यांनी जिंकली, ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच्याकडे क्रम आधीपासून होता. दुसऱ्या बाजूला पाच फूट नऊ इंचांचा रोरी मॅकिलरॉय २०२३ मध्ये पुरुषांच्या पीजीए टूरवर ड्रायव्हिंगच्या सरासरी अंतरात पहिला होता, ३२० यार्डांहून जास्त. तोही व्यायामशाळेत घाम गाळतो, हे विसरू नका. मुद्दा एवढाच की आकारावर सगळं ठरत नाही. तुमच्यासाठी क्रम असा: आधी खुबे आणि छातीचा भाग मोकळा करणं, मग उठाबशा आणि वाकून वजन उचलण्यासारखे पायांचे-नितंबांचे व्यायाम, कोणाच्या तरी देखरेखीखाली. मग दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल बाजूने भिंतीवर जोरात फेकणं. बॉल हाताने फेकू लागलात तर तो लगेच जड लागतो, पायातून फेकलात तर निघतो. त्यामुळे ताकद आणि क्रम एकदम शिकता येतो. हलकी काठी जास्तीत जास्त वेगाने फिरवण्याचा सराव शेवटी, कंबर पूर्ण शांत असेल तरच.

(अंतर हेच सगळं नव्हे, हेही नोंदवून ठेवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक कमी अंतर मारणाऱ्यांत गणली जात असूनही चौथी आली, पदकापासून एका फटक्यावर. पण प्रश्न अंतराचा आहे, म्हणून उत्तरही अंतराचं.)

शाफ्टचं म्हणाल तर आत्ता घेऊ नका. हलक्या शाफ्टने एखाद-दोन मैल वेग वाढेलही, पण वरूनच मारायची सवय असलेल्याला हलका क्लब आणखी लवकर सुटतो. लॉफ्ट (फेस किती मागे झुकलेला आहे तो कोन) मात्र तपासा. नऊ अंशांचा ड्रायव्हर असेल तर तुमच्या वेगाला तो कमी आहे. साडेदहा किंवा बारा अंशांचा कोणाचा तरी मागून मारून बघा. समायोजन करता येणारा असेल तर किल्लीने लॉफ्ट वाढवा, खर्चच नाही. स्विंग बदलल्यावर, स्पिन आणि अटॅक अँगल स्थिर झाल्यावर, शाफ्ट मोजून घेण्यात अर्थ आहे.

सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मॉनिटरवर जाल तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या. पहिल्यांदा क्लबहेडचा वेग घटलेला दिसू शकतो, ८८ चा ८५ किंवा ८६. घाबरून पुन्हा खांद्यांनी ओढायला लागू नका. त्याच वेळी स्मॅश फॅक्टर १.४४-१.४५ च्या वर आला असेल, तर चेंडूचा वेग आजच्याएवढा किंवा थोडा जास्तच निघेल, आणि स्पिन उतरलेला असेल. क्लबहेडचा वेग त्यानंतर, डावा पाय काम करायला लागला की, हळूहळू परत येतो. स्मॅश फॅक्टर हललाच नाही, तर मात्र समोरून आणि मागून असे दोन व्हिडिओ काढा, पावलं दिसतील असे. मग मी वर केलेल्या अंदाजात कुठे फरक आहे ते शोधावं लागेल.